मुलांना घेऊन रानवाट आणि वाहतं पाणी : नागपूरजवळ कुठे, कसं?

पळसवाट | ४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझी नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन येणार आहे. माझी दोघं धरून चार पोरं, वय ८ ते १३. मॉल आणि वॉटर पार्क बाजूला ठेवून एक अख्खा दिवस त्यांना रानात न्यायचं मनात आहे. सकाळी दोन-तीन तास पायवाट, झाडं-पाखरं बघणं, आणि जमलं तर वाहत्या पाण्यात डुंबणं. बोटिंग नको, नाला किंवा नदीच हवी.

माझी मुलगी जलतरण तलावात छान पोहते. पण पायाखालची रेती सरकते म्हणजे काय, बारक्या मासोळ्या घोट्याला टोचतात म्हणजे काय, हे तिला ठाऊक नाही. आम्हाला आजोळच्या नदीवर हे कोणी न शिकवता कळलं.

अंबाझरीचं जैवविविधता उद्यान की गोरेवाड्याचं जंगल? आणि पाण्यासाठी कुठे? त्रिमूर्तीनगरहून सकाळी निघून अंधार पडायच्या आत परत यायचं आहे.

गोरेवाडा_सकाळी | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

ताई, चालण्यापुरतं सांगतो. तुमच्या घरून अंबाझरी जवळ. साडेसातशे हेक्टरच्या आसपासचं हे उद्यान वन विभागाकडे आहे. वाटा सपाट आहेत, आत सायकली मिळतात, आणि ८ वर्षांचं पोर थकलं तरी फार अडचण होत नाही. गवताळ माळ हा तिथला खरा ठेवा. लोक उंच झाडं शोधतात आणि गवताकडे बघतच नाहीत. मुलांना गवताशी उभं करा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. चंडोल, वटवट्या, सुगरणींचे थवे, सगळे आपोआप दिसायला लागतात. तलावाच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी. परदेशी बदकं मात्र नोव्हेंबरनंतरच जमतात.

रान अंगावर यायला हवं असेल तर गोरेवाडा. तिथे साग आहे, तेंदू आहे, मोह आहे. ऑक्टोबरात एक गोष्ट चुकवू नका. पायवाटेच्या आडवी, दोन झाडांच्या मध्ये मोठ्या रानकोळ्याची जाळी लागलेली असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचं रेशीम पिवळंधमक दिसतं. मधोमध बसलेली मादी पाय पसरून तळहाताएवढी भरते, आणि त्याच जाळ्याच्या कडेला तांबूस कणाएवढं काहीतरी दिसतं ते नर. पोरं पंधरा मिनिटं तिथून हलत नाहीत. फक्त पुढे चालणाऱ्यानं काठी समोर धरावी, नाहीतर जाळं तोंडावर येतं आणि कोळिणीची मेहनत वाया जाते.

आता पाण्याचं. दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही. गोरेवाड्याच्या तलावाला पेंच नदीचं पाणी येतं आणि तिथल्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात जातं. तुम्ही-आम्ही तेच पितो. अंबाझरीचा तलाव १८७० सालचा, बांधाला लागून खोल, वर जलपर्णी. नाग नदीबद्दल तर बोलायलाच नको. पिवळी नदी गोरेवाड्यातून निघते, पण शहरात शिरल्यावर तिचीही तीच गत.

सकाळी गेट उघडताच आत जा. गोरेवाड्यात बिबटे आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात तर एक बिबट्या कितीतरी दिवस शहरातच फिरत होता. म्हणून मुलांना पुढे पळू देऊ नका आणि ठरलेली पायवाट सोडू नका.

धरमपेठी | ४ ऑक्टोबर, रात्री १०.३०

उद्यानात जरूर जा. पण नदी-नाल्याचा विचार सोडून द्या, ही कळकळीची विनंती. दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडलं की बातमी असते. वाकी, कन्हान, मोहगाव झिलपी. पाच मित्र गेले, दोन परत आले नाहीत. त्यात बहुतेक सतरा ते पंचवीस वयाचे.

आणि पाण्यावर माझा विश्वास २३ सप्टेंबर २०२३ ला उडाला. पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी आमच्या घरात शिरली. ज्या नदीकडे आम्ही पुलावरून नाक दाबून बघत होतो, तिचं पाणी अर्ध्या तासात खिडकीला लागलं. आईला शेजाऱ्यांच्या गच्चीवर उचलून न्यावं लागलं. चार पोरं घेऊन मौजेसाठी वाहत्या पाण्यात जायचं? मला नाही पटत.

पळसवाट | ४ ऑक्टोबर, रात्री १०.४८

दादा, तुमच्या घरी काय झालं असेल ते समजते. त्या दिवशी आमच्या ओळखीतल्या दोन घरांचा संसार चिखलात गेला. म्हणूनच इथे विचारून राहिले, कोणाला न विचारता गाडी काढत नाही. कन्हानकाठचं कोणी आहे का इथे?

खापेकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

आहे ना ताई. खाप्याचा. घरामागेच कन्हान, पोहायला बापानं शिकवलं, बापाला आजानं.

धरमपेठी दादा, तुमची काळजी अगदी खरी आहे. वाकीच्या डोहानं किती घरं रडवली ते आम्ही जवळून पाहिलं. तरी 'मुलांना नदीवर नेऊच नका' हे मला पटत नाही. ज्या पोट्ट्यांना घरच्यांनी कधी नदीवर नेलं नाही, तेच कॉलेजात गेले की दोस्तांसोबत न सांगता जातात. पाणी कसं बघायचं ते त्यांना कोणी दाखवलेलं नसते. तुम्ही म्हणता त्या बातम्यांतले बरेच पोट्टे असेच असतात. आईबापाचा हात धरून जे पोर नदीत उतरलं, ते पुढे दोस्तांनाही 'इथे नको बे' म्हणू शकते.

ताई, मी जागेचं नाव देणार नाही, आणि इथे कोणी दिलं तरी डोळे मिटून जाऊ नका. नदी दर पावसाळ्यात बदलते. मागच्या जानेवारीत जिथे पोरं घोट्याभर पाण्यात खेळत होती तिथे या ऑक्टोबरात पुरुषभर खड्डा असू शकते. म्हणून जागा पाठ करण्यापेक्षा पाणी वाचायला शिका. मला जे येते ते सांगतो.

पहिलं, वळण बघा. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला धार काठ कापत जाते आणि आतल्या अंगाला रेती टाकते. त्या बाहेरच्या बाजूला उभी दरड दिसते, झाडाची मुळं उघडी पडलेली असतात. तिथे पाणी खोल आणि ओढीचं. उतरायचं ते रेतीच्या बाजूनं, जिथे काठ हळूहळू पाण्यात जाते.

दुसरं, आवाज ऐका. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण नदीकाठच्यानंच केली असली पाहिजे. गोट्यांवरून आवाज करत जाणारं पाणी पोरांचं. जिथे आवाज बंद होते, रंग हिरवा-काळा होते आणि वर पानं गोल फिरतात, तो डोह. त्याच्या काठावर बसून डबाही खाऊ नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि आमच्या आजाच्या काळी हे नव्हतं. रेती उपसा. नदीतून मशीननं रेती काढतात, खड्डे राहतात, पुरात त्यात मऊ गाळ बसते. वरून पाणी एकसारखं दिसते. माणूस मांडीभर पाण्यातून चालत असते आणि पुढचं पाऊल टेकतच नाही. पोहता येणारासुद्धा घाबरते, कारण पाय गाळात रुतते. चांगले पोहणारे बुडतात ते असे. म्हणून मोठ्या माणसानं आधी एकट्यानं हातात बांबू घेऊन उतरायचं. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत पुढे न्यायचा. बांबू समोर टोचत जायचं. रेती कडक लागते, 'खस्स' आवाज येते. गाळात बांबू गुपचूप जाते आणि काढताना ओढावा लागते. जेवढी जागा अशी तपासली तेवढ्याच जागेच्या चार कोपऱ्यांत काठ्या रोवायच्या. पोरं त्या काठ्यांच्या आत.

किती पाणी? सगळ्यात लहान पोराच्या गुडघ्याएवढं. वाहत्या पाण्यात तेवढं पुरते. आडवं पडलं की अंगावरून धार जाते, त्याची मजा पोहण्यापेक्षा कमी नाही.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खाली कधीच नाही. वरून पाणी पडते, खाली गोल फिरते, आणि माणसाला परत भिंतीकडे ओढते. तिथे पोहणं कामाचं नाही. रपट्यावरून, म्हणजे नदी-नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जात असलं तर पायी नाही, गाडीनं नाही.

आणि आभाळ फक्त डोक्यावरचं बघू नका. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुड्यातून येते. तिकडे पाऊस झाला की इकडे लख्ख उन्हात पाणी चढते. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पानं-फेस वाहत आले, वरून गाडी आल्यासारखा आवाज झाला, की चपला शोधत बसायचं नाही. जे अंगावर आहे त्यासकट वर चढायचं.

पारशिवनीकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

खापेकर काकांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. पाऊस नसला तरी धरण असते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या चौराई धरणातून पाणी सोडलं, मग खालच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांतून, आणि आमच्या भागातली गावं पाण्याखाली गेली. तो मोठा पूर होता, पण पेंचमध्ये पाणी सोडल्यानं पातळी वाढणं तसं नेहमीचंच. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला मुलांना पाण्यात सोडायच्या आधी गावात विचारायचं की आज गेट उघडे आहेत का. गावातल्यांना माहीत असते.

कोणी घोगरा महादेव सुचवेल म्हणून आधीच सांगते. जागा देखणी आहे. पेंच नदी खडकांच्या घळीतून जाते, खडक घासून घासून पार गुळगुळीत झालेले. दर्शन घ्या, खडकांवर लांब बसा, फोटो काढा. पण खडकांच्या मधल्या पाण्यात मुलांना उतरवू नका. फटी अरुंद आहेत, आत पाणी जोरात ओढते, आणि शेवाळावर मोठ्यांचाही पाय ठरत नाही. तिथेही जीव गेले आहेत.

आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत पाण्यात उतरायला मनाई आहे. ती ऐकलीच पाहिजे, तोतलाडोहच्या पाण्यात मगरी आहेत. पेंचच्या सिल्लारी गेटला मुलांना न्यायचं तर रात्रीच्या ताऱ्यांसाठी न्या. २०२४ च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. अमावास्येच्या जवळची रात्र निवडा. शहरातली पोरं आकाशगंगा बघून एकदम गप्प होतात.

टाकळीकर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.१५

नागपूरच्या नाल्यांबद्दल बोलणं चाललंच आहे तर एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. दगडांचं वेड असलेला माणूस. टाकळी-सेमिनरी हिल्स भागात लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये चुनखडीसारखा फिकट थर सापडतो. त्यात त्यांनी गोड्या पाण्यातल्या शंखगोगलगायी, बिया, लाकूड असे जीवाश्म शोधले आणि जगापुढे आणले. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत इथे तळी भरली, त्यांत जीव वाढले, आणि मग वरून पुन्हा लाव्हा आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आज आपण ज्या टेकडीवर सकाळी फिरतो तिथे तेव्हा तळ्याचा काठ होता.

हेच हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री बुटीबोरीकडच्या टाकळघाटहून एकटे घोड्यावरून परतत होते. तिथली शिलावर्तुळं बघून. वाटेतला नाला पावसानं फुगला होता. तो पार करताना ते बुडाले. घोडा रिकामा परत आला तेव्हा लोकांना कळलं. अठरा-एकोणीस वर्षं या मुलुखात पायी आणि घोड्यावर फिरलेला माणूस, एका नाल्यात गेला. खापेकरांनी रपट्याचं सांगितलं ते माझ्या मुलाला मी या गोष्टीतून समजावलं.

आणि ताई, गोरेवाड्याला जाणार असाल तर काटोल रस्त्यानं पुढे जुनापाणी बघून घ्या. टाकळघाटला होती तशीच लोहयुगातली शिलावर्तुळं तिथे आहेत, माळावर मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं होतं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. बोटानं चाचपून बघायला मुलांना फार आवडतं. त्यांच्यावर चढू मात्र देऊ नका.

ओपीडीनंतर | ५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

मी डॉक्टर आहे, मेडिसिनची. पाण्याबद्दल पुष्कळ झालं, मला गवताबद्दल सांगायचं आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याकडे गवतातून येणारे रुग्ण असतात.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती आणि माणसं दगावली होती. आजार नंतरही दरवर्षी दिसतो. गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर माइट या बारीक किड्याचं पिल्लू चावतं. ते इतकं बारीक असतं की दिसत नाही, चावलेलं कळतही नाही. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, अंगदुखी. घरचे म्हणतात डेंग्यू असेल. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली की निवांत होतात, आणि तिथेच दिवस वाया जातात. चावल्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. तिला इशार म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनाखाली लपलेली असते. प्रत्येकाला असतेच असं नाही, पण असली तर निदान जागच्या जागी होतं. मुलांना ताप आला तर अंगावरचे सगळे कपडे काढून, उजेडात, केसांच्या मुळापर्यंत बघा. आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा की दहा दिवसांपूर्वी रानात गेलो होतो. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिननं दोन दिवसांत ताप उतरायला लागतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू. औषध मात्र डॉक्टरांच्याच हातून.

काळजी साधी आहे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. गवतावर सरळ बसायचं-लोळायचं नाही, सतरंजी घ्या. ओले कपडे झुडपावर वाळत टाकू नका. हे सगळे करतात, आणि माइट तिथूनच कपड्यात येतो. घरी आल्यावर साबण लावून गरम पाण्यानं आंघोळ, कपडे थेट धुवायला.

पायाला कापलेलं, खरचटलेलं असेल तर त्या मुलाला नदीत नको. गुरं बसतात त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसानंतरचे पहिले तीन-चार दिवस पाण्यात जाऊच नका, शेतातलं आणि गावातलं सगळं तेव्हा वाहून नदीत येतं.

धरमपेठी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

सगळं वाचलं. मी अजूनही माझ्या नातवाला नेणार नाही, मन धजत नाही. पण खापेकरांनी लिहिलेलं पोरांच्या शाळेत वाचून दाखवायला हवं, हे मान्य करतो.

एक विचारतो. समजा कोणी बुडताना दिसलं तर? माझ्या लहानपणी गावात बुडालेल्याला खांद्यावर पालथा टाकून पळायचे, पोट दाबून पाणी काढायचे.

ओपीडीनंतर | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

काका, ते करू नका. पोट दाबलं की पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि मोलाची मिनिटं जातात.

माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास घेत नसेल तर कडक जमिनीवर उताणं झोपवा. डोकं थोडं मागे, हनुवटी वर. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून पहिल्यांदा तोंडावर तोंड लावून पाच श्वास द्या, नाक चिमटीत धरून, छाती उचलली जाते का ते बघत. मग छातीच्या मधोमध जोरानं, वेगानं ३० दाब आणि २ श्वास, हेच चालू ठेवा. दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. शुद्ध आली, उठून बसला, 'मी ठीक आहे' म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आणि बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो तर हाक कुठून मारणार? तोंड पाण्याशी, हात बाजूला पाणी दाबत, नजर हरवलेली, इतकंच दिसतं. 'आवाज आला तर बघू' म्हणून काठावर गप्पा मारत बसू नका.

खापेकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

डॉक्टर ताईंनी फार मोलाचं सांगितलं. वाचवायला जाणाराच आधी बुडते, हे आम्ही नदीवर पाहतो. एक पोरगं घसरलं की मागे दोघं उडी मारतात, आणि तिन्ही घरांत अंधार होते. घाबरलेला माणूस मिठी मारते, त्यातून सुटणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. काठावरून द्यायचं. बांबू द्या, ओढणी फेका, लुगडं फेका. सगळ्यात बेस्ट म्हणजे पाच लिटरची रिकामी कॅन, झाकण घट्ट लावलेली, मुठीला पंधरा-वीस हात दोर बांधलेली. तळाशी कपभर पाणी ठेवा, म्हणजे नीट फेकली जाते. गाडीत टाकून ठेवायला काही लागत नाही.

ताई, घाट निवडताना एक करा. जवळच्या गावातल्या ढिवरांना विचारा. जाळं टाकणाऱ्याला नदीचा हरेक खड्डा माहीत असते. बायका जिथे कपडे धुतात, गुरं जिथून पार होतात, त्या जागा रोज वापरातल्या. पण तिथे त्यांचं काम चालू असताना आपण कल्ला करू नये, थोडं बाजूला व्हावं. माणसाशी दोन शब्द नीट बोललं की तो स्वतः सोबत येऊन दाखवते. त्यांच्याकडून मासोळी विकत घ्या, पोरांना जाळं कसं फेकतात ते बघू द्या.

आणि जेवणाआधी पाणी. आपल्याकडे नदीवर गेलं की रोडगे, पानगे, वांग्याची भाजी असते, पोट टम्म झाल्यावर मोठी माणसं सावलीत आडवी होतात आणि पोरांवर कोणाची नजर राहत नाही. आधी पोरांचं पाणी, मग सगळ्यांनी बाहेर, मग चूल. ज्याच्या पोटात दारू आहे त्याला पोरांवर लक्ष द्यायचं काम देऊ नका आणि पाण्यातही उतरू देऊ नका.

सातपुडा_फेरी | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.००

एका दिवसाचा हट्ट सोडलात तर पचमढी. सावनेर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. तिथलं अप्सरा विहार हे मुलांसाठी मला माहीत असलेलं चांगलं ओढ्याचं पाणी. छोटा धबधबा, खाली रेतीचा उथळ कुंड, थंडगार. जंगलातून पायऱ्या आणि पायवाट, म्हणजे तुमचं चालणंही होतं. पण लक्षात ठेवा, तोच ओढा पुढे जाऊन रजत प्रपात होऊन शंभरावर मीटर खाली कोसळतो. म्हणून कुंडाच्या पुढे ओढ्याच्या पात्रातून खाली चालत जायचं नाही, मुलांना तर नाहीच. रजत प्रपात बघायचा तो समोरच्या कठड्यावरून.

पचमढीच्याच बी फॉल धबधब्याला पाणी अंगावर घेता येतं, पण दिवाळीत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पळसवाट | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३५

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नणंदेला सगळं वाचून दाखवलं. पचमढी पुढच्या वर्षीवर टाकतो. यावेळी पहाटे गोरेवाडा, मग जुनापाणीचे दगड. नदीचा वेगळा दिवस ठेवतो, आणि त्याच्या आदल्या रविवारी मी आणि माझे मिस्टर दोघंच जाऊन घाट बघून येतो, बांबू घेऊन. तपासून मन भरलं नाही तर मुलं फक्त काठावर रेतीत खेळतील.

दोन प्रश्न राहिले. पायात काय घालायचं, आणि नणंदेचा ८ वर्षांचा मुलगा पोहत नाही, त्याच्यासाठी दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांची जोडी आणली आहे, ती चालेल का?

पारशिवनीकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

पायात मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल, अनवाणी नाही. दुःखानं सांगते, आमच्या रेतीत आता फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात. पार्टी करून तिथेच फोडतात. आम्ही गावातली काही जणी दर पौर्णिमेनंतर पोतं घेऊन वेचतो तरी संपत नाही. तुम्ही जाल तेव्हा तुमच्या कचऱ्यासाठी एक पिशवी आणि तिथल्यासाठी एक जादा न्या, मुलांनी दहा मिनिटं वेचलं तरी पुष्कळ. काच मोठ्यांनीच उचलावी.

खापेकर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

हवेचे फुगे घरीच ठेवा ताई. ते टबातल्या पाण्यासाठी. धारेत दंडावरून सरकतात, काट्याला लागून फुटतात, आणि फुगे बांधले की पोराला अन् आईला दोघांनाही वाटते की आता भीती नाही. ट्यूब तर त्याहून वाईट, पोराला घेऊन धारेला लागते. पोराच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा येणारं खरं लाइफ जॅकेट घ्या. पट्टा नसलं तर जॅकेट वर राहते आणि पोर खालून निसटते. घातल्यावर खांद्याला धरून उचलून बघा, कानापर्यंत वर आलं तर मोठं होते, लहान मापाचं घ्या. तरीही एक मोठं माणूस त्याच्या खालच्या अंगाला, धार जिकडे जाते तिकडे, हाताच्या अंतरावर उभं पाहिजे. फोन गाडीत ठेवून.

रविवारी घाट बघायला खाप्याकडे येत असाल तर सकाळी आठच्या आधी या. तेव्हा ढिवर जाळी काढून काठावरच असतात, नंतर बाजाराला निघून जातात.